रेषेचा अर्थ आधी सांग

प्रिय,

पत्र मिळालं, सोबतचं तुझ्या प्रथिन-जाळ्याचं चित्रही. 2000 प्रथिनं आणि त्यांच्यामधल्या असंख्य रेषा. रंग छान निवडलेस, पण खरं सांगायचं तर मला ते कंगव्यातलं गुंतवळ वाटलं. त्यातल्या कुठल्याही एका रेषेवर बोट ठेव आणि तिचा अर्थ सांग. ही दोन प्रथिनं एकमेकांना प्रत्यक्ष चिकटतात? की त्यांची जनुकं एकाच वेळी जागी होतात? की दोघांची नावं एकाच शोधनिबंधात आली, एवढंच? स्ट्रिंगसारख्या डेटाबेसमध्ये हे सगळे पुरावे एका गुणांकात मिसळलेले असतात. ते वेगळे काढून बघता येतात, पण बघायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो.

मलाही आला होता. अशाच एका जाळ्यात मला एक दणदणीत हब, म्हणजे खूप दुवे असलेलं प्रथिन, सापडला आणि मी कित्येक महिने त्याच्या मागे होतो. शेवटी कळलं की त्या प्रथिनावर मुळात लोकांनी कामच जास्त केलं होतं, म्हणून त्याच्या नोंदी जास्त. कर्करोगाच्या अभ्यासातलं प्रसिद्ध प्रथिन पी53, त्याचं नेहमी असंच होतं. यीस्टमध्ये ज्या प्रथिनांना दुवे जास्त, ती काढली तर पेशी मरण्याची शक्यता जास्त, हे 2001मध्ये दाखवलं गेलं आणि हबचं वेड पसरलं. त्यावर पुढे बरेच वाद झाले, तेही वाच. स्वतःचा हब जाहीर करण्याआधी जाळं हजार वेळा विस्कटून बघ: प्रत्येक प्रथिनाच्या दुव्यांची संख्या तीच, फक्त जोडीदार बदललेले. तुला दिसलेला नमुना त्या विस्कटलेल्या जाळ्यांतही दिसला, तर तो सोडून दे.

आता माझ्या आवडीची गोष्ट. तीनच जनुकं घे. क हे ख ला चालू करतं आणि क व ख मिळून ग ला. ग ला दोघंही लागत असतील, तर क क्षणभर चमकून गेला तरी ग हलत नाही, कारण ख साठायला वेळ लागतो. ई. कोलाय अरॅबिनोज साखर वापरताना हेच करतो. पण ग ला दोघांपैकी एक पुरत असेल, तर तो चटकन चालू होतो आणि बंद व्हायला उशीर लावतो. त्याच जिवाणूच्या कशाभिका (पोहायच्या शेपट्या) बांधणाऱ्या जनुकांत हे दिसतं. बाण तेच, दिशा त्याच, वागणं मात्र उलटं. तुझ्या चित्रात हा फरक कुठे दिसेल?

सी. एलिगन्स या कृमीच्या 302 चेतापेशींचा नकाशा 1986मध्येच छापून आला. तरी निव्वळ त्यावरून तो कृमी केव्हा वळेल हे सांगता येत नाही. कुठली जोडणी चेतवते आणि कुठली दाबते हे नकाशात नाही, आणि न्यूरोपेप्टाइडं, म्हणजे चेतापेशींनी सोडलेले छोटे प्रथिनासारखे रेणू, तर जोडणीविनाच निरोप पोचवतात. म्हणून नकाशा फुकट गेला असं नाही. कुठली चेतापेशी लेझरने जाळून बघायची, हे त्याच्यामुळेच ठरवता आलं. तुझ्या जाळ्यानेही तेवढं केलं तर मला पुरे.

जाळ्याचं वागणं समीकरणांत मांडायची घाई नको. वेग-स्थिरांक, म्हणजे प्रत्येक क्रिया किती वेगाने होते ते आकडे, हाताशी नसतील तर बूलियन मॉडेलने सुरुवात कर, जनुक चालू किंवा बंद. जीवशास्त्रज्ञ स्टुअर्ट कॉफमन यांनी 1969मध्ये तेवढ्यावरच पुष्कळ काही दाखवलं होतं.

पुढच्या पत्रात 2000 प्रथिनं नकोत. 20 पाठव, आणि प्रत्येक रेषेपुढे ती कुठल्या प्रयोगातून आली ते लिहून.