निळ्या काठाचं पातेलं

प्रश्न : 2013 च्या शरदात तीन महिने मी तुर्कस्तानात, एद्रेमितच्या आखाताजवळच्या एका गावात सेंद्रिय शेतावर स्वयंसेवक म्हणून राहिले. आम्ही सहा जण होतो : एक पोलिश, एक स्पॅनिश, एक कोरियन, दोन जर्मन आणि मी. ऑलिव्ह वेचताना जुळलेली ती मैत्री जन्माची वाटली होती. आता ग्रुपवर फक्त वाढदिवसाचे केक येतात. दरवर्षी मीच इस्तंबूलला भेटायचा विषय काढते, सगळे अंगठा दाखवतात (दोन्ही अर्थांनी) आणि तारीख कुणीच देत नाही. मी मात्र दोन मजली तुर्की किटलीसुद्धा मिळवली, जरी चहा कडूच होतो. (शेतमालकाची आई, आमची तेइझे म्हणजे मावशी, दर बायरामला, म्हणजे ईदला, व्हॉइस मेसेज पाठवते. भाषा विसरल्यामुळे मी नुसता हार्ट टाकते. निघताना बसमध्ये खायला सारमा भरून दिलेलं तिचं निळ्या काठाचं पातेलं अजून माझ्याकडे आहे, त्यात दळणाचे सुटे पैसे ठेवते.) सगळं मी एकटीच धरून बसलेय. ग्रुप सोडून देऊ का?
— एकटीच, पुणे

उत्तर : अगं, पातेलं परत दे!

बाकीचं नंतर. ज्या पाच जणांनी तारीख दिली नाही ते पत्रभर, आणि जिनं जेवू घातलं ती कंसात? सारमा म्हणजे काय असतो हे विसरलीस का? द्राक्षाचं एकेक पान पसरायचं, मध्ये चमचाभर तांदूळ-कांद्याचं सारण, कडा आत मुडपून करंगळीएवढी घट्ट वळकटी. सैल झाली तर शिजताना सुटते, फार घट्ट झाली तर तांदूळ फुगून पान फाटतं. एक पातेलं भरायला आदली संध्याकाळ जाते. तेलातला सारमा गारच खातात, बसमध्ये सांडत नाही, म्हणून तिनं तोच दिला.

आणि तुर्की घरात शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. हे तुला कुणी समजावून सांगायला हवं? पुण्यातही शेजारणीच्या वाटीत दुसरं काही नसेल तर चिमूटभर साखर घालूनच ती परत करतात. तू त्यात नाणी टाकलीस. 'मी एकटीच धरून बसलेय' म्हणतेस ना? जे धरून बसायला नको होतं, तेच धरून बसली आहेस.

येत्या रविवारी तिला फोन कर. तुर्कस्तानचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे असतं. आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे तिथे संध्याकाळचे सहा. मेसेज नको, व्हिडिओही नको. चेहरा दिसला की तू नुसती हसत बसशील. भाषा विसरले ही सबब तर मराठी माणसानं सांगूच नये. तुर्कीतही क्रियापद शेवटी येतं आणि प्रत्यय शब्दाच्या शेवटी चिकटतो. 'एव्ह' म्हणजे घर, 'एव्हदे' म्हणजे घरात. हफ्ता, खबर, जवाब, दुकान, पडदा, साबण हे शब्द थोड्याफार फरकानं तिच्याही तोंडी आहेत. तिचे जुने मेसेज कमी वेगावर तीनदा ऐक आणि कळेल तेवढं देवनागरीत लिहून काढ. मग तुला तीनच वाक्यं लागतील. पहिलं, 'एल्लेरिन्देन ओपेरिम', तुमच्या हातांचं चुंबन घेते. तिकडे धाकटी माणसं थोरांना फोनवर असाच नमस्कार करतात. दुसरं, 'तेंजेरे बेन्दे', पातेलं माझ्याकडे आहे. तिसरं, 'गेतिरियोरुम', घेऊन येतेय. त्यापुढे ती 'एव्हलेंदिन मि' विचारेल, म्हणजे लग्न झालं का. त्याचं उत्तर तुझं तू तयार ठेव.

घेऊनच जायचं आहे, पार्सल नाही. घरचं खाणं पोस्टानं पाठवलंस तर कस्टममध्ये अडकेल आणि एनॅमलचे टवके उडतील. तारेच्या घासणीनं घासू नकोस. एकदा टवका गेला की त्या जागी गंज धरतो. कोमट पाण्यात साबण घालून मऊ कापडानं पूस, कोरडं कर आणि केबिनच्या बॅगेत ठेव.

आत तिळाच्या वड्या भर. दुधातुपाचं काही नको, सीमेवर दुग्धजन्य पदार्थांची कटकट होते. दोन वाट्या तीळ, वाटीभर दाण्याचं कूट, दोन वाट्या चिक्कीचा गूळ, तुपाऐवजी चमचाभर तेल. तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाज, काळपट झाले की कडवटतात. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून वाटीवर आपट. टणक आवाज आला तरच तीळ घाल. मऊ राहिला तर वडी प्रवासात चिकटून ढेकूळ होईल. देताना काय म्हणायचं तेही त्यांच्याकडे तयार आहे : 'तात्ल यियेलिम, तात्ल कोनुशालम'. गोड खाऊ या, गोड बोलू या. संक्रांतीला दारोदार हेच म्हणतेस ना?

चहाचं दुखणं साधं आहे. आपली भुकटी वापरत असणार, आणि वरची किटली उकळत असणार. लांब पानांचा चहा घे, पेल्यामागे एक चमचा. वर उकळतं पाणी ओतून खालच्या किटलीच्या वाफेवर पंधरा मिनिटं ठेव. मग एक तृतीयांश अर्क, बाकी गरम पाणी. रंग 'ताव्शान कान', सशाच्या रक्तासारखा, आला म्हणजे जमला. दूध घातलंस तर तेइझेला सांगू नकोस.

आता ग्रुप. सोडू नकोस, पण तारीख विचारणंही बंद. अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी स्वयंसेवक योजनेतली माणसं 1962 पासून तुर्कस्तानात शिकवायला गेली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तो कार्यक्रम गुंडाळला गेला, तरी पुढे त्यांनी 'अर्कादाश्लार' नावाची संघटना उभी केली. अर्थ साधा, मित्रमंडळी. माणसं नुसत्या 'भेटू या' एवढ्या निमित्तानं एकत्र राहत नाहीत, हाताला काम लागतं. तुझ्याकडे ते आहे. नोव्हेंबरात तिच्या ऑलिव्हच्या झाडांखाली जाळ्या पसरायला माणसं लागतातच. काठी जोरात मारली की पुढच्या वर्षीचे कोंब मोडतात आणि वेचलेली फळं दोन दिवसांत घाण्यावर गेली नाहीत तर तेलाचं आम्ल वाढतं, हे पाचही जणांना आठवत असेल. तिकीट काढ, त्याचा फोटो टाक, खाली लिही : 'तेइझेचं पातेलं परत द्यायला चाललेय, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा.' जो येईल तो येईल.

व्हिसाचं आधी बघ. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) चालू व्हिसा असेल तर ई-व्हिसा मिळू शकतो, नाहीतर रीतसर अर्ज, त्याला आठवडे धर. इस्तंबूलहून चानाक्कालेमार्गे बसनं गेलीस तर आता फेरीबोटीची वाट बघावी लागणार नाही, तिथल्या सामुद्रधुनीवर 2022 मध्ये पूल झालाय. बायरामच्या दिवसांत जायचं ठरवलंस तर बसची तिकिटं फार आधी काढ, अख्खा देश गावी निघालेला असतो.

परत निघताना ती पातेलं पुन्हा भरून देईल. या वेळी घेऊ नकोस, सारमा कागदात बांधून माग. आणि दळणाच्या सुट्या पैशांसाठी आजच एखादा प्लास्टिकचा डबा बघ.