नाशिकला कमी विजेत चालणारं घर बांधायचंय, फक्त सोलर पुरेल का?

तुम्ही लिहिलंय की गंगापूर रोडला पूर्व-पश्चिम लांब प्लॉट आहे आणि आर्किटेक्ट म्हणतायत, छतावर ३ किलोवॉट सोलर टाकलं की काम झालं. केंद्राच्या योजनेत त्याला ७८ हजारांपर्यंत सबसिडीही आहे, जरूर घ्या. बिल खूप कमी येईल. पण एप्रिलात वरच्या मजल्यावर झोप लागणार नाही ती नाहीच. सोलरचा विचार सगळ्यात शेवटी करा.

आधी ऊन अडवा. तुमची लांब बाजू दक्षिणेला येते, हे नशीबच. दक्षिणेच्या २ फुटी छज्ज्याची सावली मार्चअखेर भर दुपारी ५ फुटांच्या खाली उतरते, म्हणजे खिडकी पूर्ण झाकली; डिसेंबरात जेमतेम २ फूट, म्हणजे हवं तेव्हा ऊन आत. पश्चिमेला मात्र छज्जा कुचकामी, संध्याकाळचं ऊन आडवं येतं. तिकडे जिना, संडास-बाथरूम, स्टोअर टाका. खिडक्या स्लायडिंग नकोत, त्या अर्ध्याच उघडतात.

मी पाथर्डी फाट्याला बांधलं तेव्हा नकाशात हे सगळं होतं. माती खाल्ली ती साइटवर. सेंटरिंगवाल्याकडे, म्हणजे स्लॅबचा साचा बांधणाऱ्याकडे, साच्याच्या प्लेटा कमी पडल्या, त्याने छज्जा फुटभराचाच ओतला. मी त्या दिवशी कंपनीत. प्लेटा काढल्यावर दिसलं, आणि ओतलेला छज्जा काही वाढत नाही. आज तिथे पत्र्याची शेड लटकते, बघवत नाही. म्हणून स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी टेप घेऊन स्वतः वर चढा. सुट्टी टाकावी लागली तरी टाका.

दुसरा घोळ गच्चीवर. वॉटरप्रूफिंग, त्यावर फोमच्या शीट, कोबा आणि पांढरं चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी) असा थर केला होता, खालची खोली खरंच गार राहायची. मग सोलर हीटरवाला आला आणि स्टँडचे बोल्ट थेट त्यातून ठोकून गेला. पहिल्याच पावसात छताला ओल. स्टँडचे काँक्रीटचे ठोकळे वॉटरप्रूफिंगच्या आधीच ओतून घ्या, पॅनेलचेसुद्धा.

पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या बिनब्रशच्या मोटरचे, घ्या. साधा ७५ वॉटच्या आसपास खातो, हा ३० च्या आसपास. त्यात फार डोकं लावायला नको.

राहायला गेल्यावर खरी परीक्षा. नाशिकची रात्र उन्हाळ्यातही गार पडते, तेव्हा खिडक्या रात्री सताड उघड्या आणि सकाळी नऊला बंद, पडदे ओढून. आईला हे पटेना. भर दुपारी खिडक्या उघडायची, "वारा येतो रे." दोन उन्हाळे भांडणात गेले. शेवटी हॉलमध्ये एक थर्मामीटर लावला, दुसरा व्हरांड्यात. आता नऊच्या ठोक्याला तीच घरभर फिरून खिडक्या लावते आणि मी एखादी उघडी ठेवली तर माझ्यावर ओरडते.