वाचकांचे प्रश्न: जॅक स्टीरिओ, सर्किट मोनो, वायरी कुठे लावायच्या?

प्रश्न : रियाजासाठी छोटा तानपुरा बॉक्स बनवलाय, आवाज मायक्रोकंट्रोलरमधून येतो आणि एलएम३८६ या अँपच्या (अँप्लिफायरच्या) आयसीवरून स्पीकरला जातो. बाजूला ३.५ एमएमचा जॅक दिलाय पण इअरफोन लावला की फक्त डाव्या कानात ऐकू येतं, उजवा पूर्ण बंद. तोच इअरफोन मोबाईलवर व्यवस्थित चालतो. जॅक खराब आलाय का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : मिरजेत बसून तानपुऱ्याचा बॉक्स बनवताय हे वाचूनच छान वाटलं! जॅक बहुतेक चांगला आहे, लगेच बदलू नका. इअरफोनची पिन नीट बघा, पुढचं टोक म्हणजे टिप, तिथे डावा कान, मधली पट्टी म्हणजे रिंग, तिथे उजवा, आणि मागचा भाग स्लीव्ह, म्हणजे दोघांचा मिळून ग्राउंड. तुमचं सर्किट मोनो आहे त्यामुळे सिग्नलची वायर एकच, ती तुम्ही टिपला लावली आणि रिंग मोकळी राहिली, मग उजव्या कानाला आवाज मिळणार कुठून. जॅकच मोनो असेल तर आतमध्ये रिंगसाठी वेगळा कॉन्टॅक्टच नसतो, अशा वेळी मात्र स्टीरिओ जॅक आणावाच लागेल. माझं मत विचाराल तर ३.५ एमएममध्ये मोनो जॅक विकत घेऊच नये, कारण हल्ली लोकांकडे असतात ते सगळे इअरफोन स्टीरिओच.

उपाय म्हणून बरेच जण जॅकवरचे टिप आणि रिंगचे टॅग, म्हणजे सोल्डर करायचे पाय, वायरच्या तुकड्याने जोडून टाकतात, चालतं ते, पण त्यापेक्षा सिग्नलपासून टिपला एक आणि रिंगला एक असे दोन वेगळे १०० ते २२० ओहमचे रेझिस्टर लावा. एक तर एलएम३८६ स्पीकरसाठी बनलेला आहे, इअरफोनला तो फार जोरात पडतो आणि कानाला त्रास होतो, आणि दुसरं म्हणजे उद्या कुणी त्यात मोनो पिन खुपसली तर तिचा स्लीव्ह रिंगच्या कॉन्टॅक्टला टेकून ती बाजू सरळ ग्राउंड होते, रेझिस्टर असला तर आयसीवर लोड येत नाही. आणि हो, जॅकच्या आधी २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे ना ते बघा, प्लस बाजू आयसीकडे. एलएम३८६ ची ५ नंबरची पिन सप्लायच्या निम्म्यावर असते, ९ व्होल्टची बॅटरी असेल तर साधारण ४.५ व्होल्ट डीसी, तो थेट इअरफोनमध्ये जाऊ द्यायचा नाही. पहिल्यांदा लावताना व्हॉल्यूम अगदी खाली ठेवा आणि मगच कानात घाला.

प्रश्न : ब्लूटूथ बोर्डाचे लेफ्ट आणि राईट एकत्र करून एका मोनो अँपला द्यायचेत, दोन्ही वायरी पिळून जोडल्या तर चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही, तसं करू नका. दोन्ही आउटपुट आपापला सिग्नल ढकलत असतात, थेट जोडले की एक दुसऱ्याला ओढायला लागतो, आवाज फाटतो आणि आयसीवर उगाच ताण येतो. लेफ्टला १ किलोओहम, राईटला १ किलोओहम, आणि त्या दोन रेझिस्टरची पलीकडची टोकं एकत्र करून अँपच्या इनपुटला द्या, ग्राउंड ग्राउंडला. आवाज किंचित कमी होईल, तो अँपवर वाढवता येतो. काही जण एकच बाजू घेऊन मोकळे होतात पण ते मला पटत नाही, काही जुन्या स्टीरिओ रेकॉर्डिंगमध्ये एखादं वाद्य पूर्ण एकाच बाजूला असतं आणि ते ऐकूच येत नाही.

प्रश्न : सर, मी अकरावीत आहे. डीएफप्लेअर मिनी (गाणी वाजवणारा छोटा बोर्ड) आणि पीएएम८४०३ (स्टीरिओ अँप) वापरून म्युझिक प्लेअर केला. पीएएमच्या स्पीकर आउटपुटला हेडफोन जॅक लावला, दोन्ही मायनस एकत्र करून स्लीव्हला दिले, तर बोर्ड तापतो आणि आवाज खरखरतो. (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : आधी तो जॅक काढ, मग बाकीचं वाच. पीएएम८४०३ ब्रिज पद्धतीचा अँप आहे, म्हणजे प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो, मायनस लिहिलंय म्हणून ते ग्राउंड नाही. तू लेफ्टचा मायनस आणि राईटचा मायनस जोडलास म्हणजे दोन चालू आउटपुट एकमेकांना शॉर्ट केलेस. हेडफोनला सामाईक ग्राउंड लागतो आणि तो इथे मिळतच नाही, त्यामुळे या आउटपुटवर साधा हेडफोन जॅक लावायचाच नाही. डीएफप्लेअरच्या एसपीके १ आणि एसपीके २ पिनांचंही तेच, त्यातली कुठलीच ग्राउंड नाही.

जॅकसाठी सिग्नल अँपच्या आधीच उचल. डीएफप्लेअरवर ४ नंबरची पिन डॅक-आर (राईटचा सिग्नल) आणि ५ नंबरची डॅक-एल (लेफ्टचा), त्या अनुक्रमे रिंगला आणि टिपला, ७ नंबरचा ग्राउंड स्लीव्हला. त्याआधी मल्टीमीटर डीसीवर ठेवून डॅक आणि ग्राउंडमध्ये व्होल्टेज मोज, दिसलं तर दोन्हीकडे २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाल. पाच पायांचा स्विचवाला जॅक मिळाला तर फारच छान, पिन घातली की आतले दोन कॉन्टॅक्ट सुटतात, त्या कॉन्टॅक्टमधून पीएएमच्या इनपुटला सिग्नल ने, म्हणजे हेडफोन लावल्यावर स्पीकर आपोआप गप्प. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलास तर 'स्विचवाला स्टीरिओ जॅक' असं सांगून माग.

प्रश्न : जॅक सोल्डर केल्यावर गाण्यातला गायकच गायब झालाय, मागची वाद्यं ऐकू येतात, तीही पोकळ. फाइल खराब आहे का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : फाइल ठीक आहे, स्लीव्हची वायर सुटलीय. ग्राउंड तुटला की दोन्ही कान एकामागे एक जोडले जातात आणि फक्त डाव्या-उजव्यातला फरक ऐकू येतो, गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच असतो म्हणून तो कटतो. जॅकमध्ये एखादी जुनी पिन घाला, मल्टीमीटर बीपवर ठेवून एक प्रोब पिनच्या स्लीव्हला आणि दुसरा सर्किटच्या ग्राउंडला लावा, बीप आला नाही तर तो टॅग परत सोल्डर करा. इअरफोनची स्वतःची वायर कापून जोडली असेल तर तिच्यावर लाखेचा थर असतो, सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला जरा जास्त वेळ सोल्डरमध्ये धरून तो जाळल्याशिवाय जोड धरतच नाही.