आईची चाळीस वर्षांपूर्वीची शांतिनिकेतनी चामड्याची पर्स घरच्या घरी कशी साफ करावी?

तुम्ही लिहिलंय की पर्स माळ्यावरच्या ट्रंकेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली होती, झाकणावर पांढरे ठिपके आलेत, पर्सचा बंद (पट्टा) कडक झालाय, कुबट वास येतोय, आणि शेजारच्या काकूंनी खोबरेल तेल चोळायला सांगितलंय. बाकी काहीही करा, पण तेल चोळू नका. मी ते केलंय, म्हणून आधी तेच सांगते.

माझ्या आईची पर्सही तुमच्यासारखीच होती. तपकिरी, झाकणावर अल्पनेसारखी (बंगाली रांगोळीसारखी) नक्षी, मधे लाल फूल, कडेने चामड्याची बारीक वादी ओवलेली. एका मे महिन्यात मी तिला दोन चमचे खोबरेल चोळलं. चामडं पटकन प्यायलं, रंग खुलला, मला फार आनंद झाला. डिसेंबरात कपाट उघडलं तर झाकणावर पांढरट साय. मला वाटलं बुरशी आली. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून फिरवला आणि बोळा लाल झाला. फुलाची एक पाकळी पुसली गेली ती गेलीच. दोन्ही गोष्टींची कारणं मला पुढे कळली. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. पुण्याच्या थंडीत बाटलीतलं तेल गोठतं, तसंच चामड्यात मुरलेलं तेल पृष्ठभागावर येऊन गोठलं होतं. आणि या पर्सवरचे रंग हाताने भरलेले असतात, त्यातले काही स्पिरिटमध्ये सहज विरघळतात. बुरशी नव्हतीच. नसलेल्या रोगावर मी औषध केलं.

म्हणून तुमच्या पांढऱ्या ठिपक्यांची आधी ओळख पटवा. ठिपका केसाळ, गोलसर दिसतो, कोरड्या ब्रशने झटकन निघतो आणि नाकाला ओल्या भिंतीचा वास येतो, तर ती बुरशी. सगळीकडे सारखा पातळ थर आहे, कुबट वास नाही, अंगठा मिनिटभर दाबून धरला किंवा हेअर ड्रायर मंद करून हातभर लांबून फिरवला की थर वितळून दिसेनासा होतो, तर ते तेल किंवा चरबी. अशा वेळी कोमट झालेल्या जागेवर मऊ कपडा टेकवून टिपून घ्यायचं, दोन-तीन दिवस रोज. आणि कुरकुरीत, कडा असलेला डाग ओलसर फडक्याने विरघळत असेल, तर ते क्षार आहेत, पूर्वी कधीतरी पर्स भिजली असणार. तुमचं वर्णन वाचून मला बुरशीच वाटते, कारण प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडली जाते.

बुरशी असेल तर पर्स घरात झटकू नका, नाहीतर तिचे कण कपाटातल्या साड्यांवर आणि पुस्तकांवर जाऊन बसतील. गॅलरीत जा, तोंडाला मास्क लावा, खाली जुना कागद पसरा आणि दाढीच्या मऊ ब्रशने हळूहळू झाडा. नक्षीच्या खाचा आणि वादीच्या टाक्यांखालची जागा विसरू नका, बुरशी तिथेच उरते. कागद लगेच गुंडाळून टाकून द्या. मग पर्स उघडी करून चार-पाच दिवस वाऱ्याच्या पण सावलीच्या जागी ठेवा. आपल्याकडे काहीही ओलं झालं की उन्हात टाकायची सवय असते, इथे ती आवरायची. उन्हाने रंग उडतो आणि चामडं आणखी ताठ होतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली असली की बुरशी सहसा वाढत नाही, त्यामुळे नुसतं वाळवणं हेच अर्धं काम आहे. स्पिरिट लावायचंच असेल तर आधी झाकणाच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात बोळा टेकवून पाहा. बोळ्यावर जरासाही रंग आला तर तो नाद सोडा.

आता पाण्याबद्दल. परदेशातले काही लोक जुन्या जाड चामड्याच्या बॅगा टबात बुडवून धुतात, तसे व्हिडिओ तुम्ही पाहिलेही असतील. शांतिनिकेतनी पर्सला ते चालत नाही. रवींद्रनाथांनी १९२२ साली शांतिनिकेतनजवळ श्रीनिकेतन हे ग्रामविकासाचं केंद्र सुरू केलं, तिथल्या हस्तकलांमध्ये हे काम वाढलं, आज त्याला भौगोलिक मानांकनही आहे. हे चामडं बहुतेक शेळी-मेंढीचं, पातळ, आणि झाडांच्या साली-फळांतल्या तुरट रसाने कमावलेलं असतं. आपली कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची असते, त्याच जातीचं हे. असं चामडं पाणी टिपकागदासारखं ओढून घेतं. एकाच जागी थेंब पडला तर त्याची गोल कडा कायमची राहते, आणि ओलं असताना गरम केलं तर ते आक्रसून लाकडासारखं होतं.

बकल किंवा चेन गंजली असेल तर ती पाण्याजवळ मुळीच नेऊ नका. आपल्याकडे पूर्वी हिरडा आणि हिराकस मिसळून काळी शाई करत. हिरड्यातला तुरटपणा आणि हिराकशीतलं लोह एकत्र आलं की काळा रंग धरतो. तुमच्या पर्समध्ये तुरटपणा चामड्यातच आहे, लोह गंजात आहे, मधे फक्त पाणी यायची खोटी. बकलाभोवती निळसर काळा डाग दिसत असेल तर तो मळ नाही, ही शाईच आहे, आणि घासून ती जात नाही. गंज कोरड्या बारीक पॉलिश कागदाने काढा, खाली पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा सरकवून. पितळेला चिंच-लिंबू लावायचा मोह होईल, पण तो रस चामड्यावर उतरला की रंग फिका पडतो.

मळासाठी मी आधी फक्त मलमलीचं कोरडं फडकं वापरते. रेघोट्यांवर शाळेतला पांढरा खोडरबर, हलक्या हाताने, आणि रंगवलेल्या भागावर तोही नाही. बंदाच्या आतल्या बाजूला हाताचा घाम आणि तेल बसून जो काळा चिकट थर होतो, त्यावर कॉर्नफ्लॉवर भुरभुरून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी झाडायचं. तीन-चार रात्री केलं की फरक दिसतो. एवढं करूनही ओलं फडकं लागलंच तर ते इतकं घट्ट पिळा की गालाला लावल्यावर फक्त गार वाटेल, आणि शिवणीपासून शिवणीपर्यंत पूर्ण भाग एकदम पुसा म्हणजे कडा उमटणार नाही. अंगाचा साबण, खायचा सोडा, टूथपेस्ट, बाळाचे वाइप्स यांपैकी काही नको. चामडं मुळात किंचित आम्लधर्मी असतं, साबण-सोडा त्याच्या उलट.

वासासाठी जुन्या सुती रुमालात लाकडी कोळशाचे तुकडे बांधून पर्समध्ये ठेवा आणि ती पुठ्ठ्याच्या खोक्यात पंधरा दिवस राहू द्या. आतलं अस्तर बाहेर उलटवता येत असेल तर कोपऱ्यांतली भुकटी, जुन्या तिकिटांचे तुकडे, फुटलेली पावडर सगळं ब्रशने काढा. खूपदा वास तिथेच असतो. डांबरगोळी टाकू नका, तिचा वास वर्षभर जात नाही.

कडक बंद ही सगळ्यात नाजूक गोष्ट आहे, त्याला घाई नको. आधी बोट फिरवून पाहा. बोटावर लालसर विटकरी भुकटी येत असेल तर थांबा. चामडं आतून कुजत चाललंय आणि ते परत येत नाही. अशा पर्सला क्रीमही लावू नये, ती भुकटी क्रीम पिऊन काळी पडते. तिला कापडात ठेवून जपायचं, वापरायचं नाही. भुकटी येत नसेल तर बिनरंगी लेदर क्रीम हरभऱ्याच्या डाळीएवढं घ्या, बोटांवर चोळून ऊब येऊ द्या आणि बंदाच्या आतल्या बाजूने लावा. चोवीस तास थांबा. दुसऱ्या दिवशी बंद दोन्ही हातांत धरून अगदी थोडा वाकवा, नवीन चपलेचा अंगठा सैल करतो तसा. परत क्रीम, परत एक दिवस. माझ्या आईच्या पर्सला नऊ दिवस लागले. पडलेल्या भेगा बुजत नाहीत, पण वाढायच्या थांबतात.

कडेची वादी तुटली असेल तर ती चिकटवू नका. बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडे शेळीच्या चामड्याची तेवढ्याच रुंदीची वादी मिळते. टोक तिरकं कापा, त्याला फेविकॉल लावून सुकू द्या म्हणजे ते सुईसारखं कडक होतं, आणि जुन्याच भोकांतून ओवत जा. नवीन भोक पाडलं की पातळ चामडं तिथून फाटतं. मशीनवर तर देऊच नका. मी एकदा वेळ वाचवायला दिली होती, शिवण सुंदर आली आणि दोन महिन्यांत त्याच रेषेवर कागदासारखी फाटली.

ठेवताना आत साधा कोरा कागद भरा. वर्तमानपत्राची शाई अस्तराला लागते. बाहेरून जुन्या धोतराची किंवा मलमलीची पिशवी, प्लास्टिक नाही. बंद दुमडून ठेवू नका, सरळ लांबवून ठेवा. तुम्ही मुंबईत किंवा कोकणात असाल तर जून ते सप्टेंबर दर रविवारी पर्स बाहेर काढून तासभर पंख्याखाली ठेवा. ब्रशने झाडल्यावर फुलाचा रंग कसा दिसतोय ते इथेच लिहा. रंग उडालेला असेल तर तो कसा भरायचा हे मी वेगळं सांगेन, कारण माझी ती पाकळी मी शेवटी तीन वेगवेगळ्या लालांनी भरली आहे.