धाक आहे, तर मग बोलायचे कशाला? : वाचकांची प्रश्नोत्तरे

मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षापासून पत्रांमध्ये फिरून फिरून तेच प्रश्न येत आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांची सुरुवात 'असं ऐकलं आहे की' अशी असते. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : १० मेच्या शस्त्रसंधीची मुदत १८ मेला संपणार होती, असे मेसेज आले होते. मुदत नंतर वाढवली का?

मुदत नव्हतीच. तसे लष्कराने त्याच वेळी जाहीर केले होते.

प्रश्न : 'अण्वस्त्राचा प्रथम वापर नाही' हे धोरण भारताने सोडून दिले का?

नाही. ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर झालेले धोरण आजही लागू आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये राजनाथ सिंह पोखरणला म्हणाले होते की पुढे काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून राहील. ते विधान होते, धोरणबदल नव्हे. २००३ चे मूळ निवेदन छोटेसे आहे. रासायनिक आणि जैविक हल्ल्यांबाबत त्यात एक अपवाद आहे, तोही वाचा. चर्चेच्या कार्यक्रमातली वाक्ये धोरण म्हणून पुढे पाठवू नका.

प्रश्न : दोघांकडेही अणुबॉम्ब आहेत, तरी कारगिल, पुलवामा, पहलगाम का घडले? मग धाकाचा उपयोग काय?

धाक सगळ्याच गोष्टींना पुरत नाही. अण्वस्त्रांमुळे सर्वंकष युद्ध टळते, पण त्याच्या आड राहून खालच्या पातळीवर खोडी काढता येते असा हिशेब कुणी करू शकतो. मे १९९८ मध्ये दोन्ही देशांनी चाचण्या केल्या आणि वर्षभरात कारगिल झाले. तेव्हा भारताने हवाई दलाला नियंत्रण रेषा ओलांडू दिली नाही. त्या संयमामुळे जगाचा दबाव पाकिस्तानवर आला आणि ४ जुलै १९९९ रोजी नवाझ शरीफ यांना वॉशिंग्टनमध्ये माघार कबूल करावी लागली.

त्यानंतर २०१६ मध्ये नियंत्रण रेषेपलीकडे जमिनीवरून कारवाई झाली, २०१९ मध्ये बालाकोटवर हवाई हल्ला झाला, २०२५ मध्ये पाकिस्तानच्या पंजाब प्रांतातल्या ठिकाणांवर मारा झाला. दर वेळी एक पायरी वर. यामुळे पुढचा हल्ला टळेल की नाही, हे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

प्रश्न : किरणोत्सर्गापासून बचावासाठी आयोडीनच्या गोळ्या ऑनलाइन मिळतात. घरात ठेवू का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पोटॅशियम आयोडाइड फक्त थायरॉइडला फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते, तेही योग्य वेळी घेतले तर. 'संपूर्ण अणुसुरक्षा किट' म्हणून ते विकणे ही फसवणूक आहे. थायरॉइडचा त्रास असलेल्यांना या गोळ्यांनी अपाय होऊ शकतो. पाकिस्तानातल्या किराणा टेकड्यांमधून किरणोत्सर्गाची गळती झाल्याच्या अफवेवर ही विक्री चालली असेल, तर पाकिस्तानातल्या कोणत्याही अणुकेंद्रातून गळती झाल्याची माहिती नाही, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने तेव्हाच सांगितले होते.

प्रश्न : शत्रूशी हॉटलाइनवर बोलणे हा दुबळेपणा नाही का? आपली ताकद असताना बोलायचे कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

९ मार्च २०२२ ची संध्याकाळ घ्या. देखभालीच्या कामात आपले एक क्षेपणास्त्र चुकून सुटले. पाकिस्तानच्या सांगण्यानुसार ६ वाजून ४३ मिनिटांनी ते त्यांच्या रडारवर दिसले आणि ६ वाजून ५० मिनिटांनी मियाँ चन्नूजवळ पडले. मधे सात मिनिटे! त्यात स्फोटके नव्हती आणि कुणी दगावले नाही. पण रडारसमोर बसलेल्या माणसाला आत काय आहे हे दिसत नसते. पाकिस्तानी लष्कराने १० मार्चला पत्रकार परिषद घेतली आणि आपले जाहीर निवेदन ११ मार्चला आले. पुढे चौकशी होऊन हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढले गेले, ते योग्यच झाले. माझा आक्षेप त्या दोन दिवसांना आहे. अशा वेळी खुलासा मिनिटांत पोचायला हवा.

क्षेपणास्त्र चाचणीची पूर्वसूचना देण्याचा २००५ चा करार आहे, पण तो बॅलिस्टिक, म्हणजे उंच झेपावून खाली येणाऱ्या क्षेपणास्त्रांपुरता. क्रूझ, म्हणजे विमानासारखी हवेतून उडत जाणारी, त्यात नाहीत. ही फट अजून बुजवलेली नाही.

समोरच्याला आपली कृती नीट कळली तरच धाक काम करतो. सराव आहे की चढाई, अपघात आहे की हल्ला, हे त्याला ओळखता आले नाही तर तो भीतीने आधी मारा करेल. १९८६-८७ मध्ये राजस्थानातल्या 'ब्रासटॅक्स' सरावाने हेच संकट ओढवले होते. मोठ्या सरावांची आगाऊ सूचना देण्याचा करार १९९१ मध्ये झाला. १९६२ मध्ये क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या पेचात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचे पत्र अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींपर्यंत पोचायला तासन्‌तास लागले. धडा घेऊन दोघांनी १९६३ मध्ये थेट तार जोडली. दुबळे होते म्हणून?

१० मे २०२५ ला गोळीबार थांबला तोही लष्करी कारवाई महासंचालकांच्या फोनवर. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानी महासंचालकांचा फोन आला आणि संध्याकाळी ५ पासून थांबायचे ठरले. तो फोन उचलणारे अधिकारी आपलेच होते, आणि त्यांना दुबळे म्हणायची कुणाची छाती आहे? दर १ जानेवारीला दोन्ही देश अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. १९९२ पासून हे सुरू आहे, कारगिलनेही ते थांबले नाही. ही कागदी औपचारिकता वाटत असेल, तर एखाद्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याला गाठून विचारा की ऐन तणावात अशा सवयींचा आधार किती असतो.

प्रश्न : पुन्हा युद्ध होईल म्हणून म्युच्युअल फंड काढून घ्यावेत का?

सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला विचारा.

प्रश्न : गलवानमध्ये आपल्या जवानांनी गोळ्या का चालवल्या नाहीत? हत्यारेच दिली नव्हती असे ऐकले.

हत्यारे होती. प्रत्यक्ष ताबा रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, असा चीनबरोबर १९९६ चा करार आहे. १५ जून २०२० च्या रात्री आपले कर्नल संतोष बाबू आणि एकोणीस जवान हाणामारीत शहीद झाले. करार असूनही इतके घडले, हे दुःख कायमचे आहे. पण त्या रात्री एक जरी गोळी सुटली असती, तर ते तिथेच आटोपले असते असे मला वाटत नाही. गस्तीबाबत समझोता व्हायला ऑक्टोबर २०२४ उजाडला, इतक्या बैठका त्यासाठी झाल्या. मात्र सैन्य समोरासमोरून हटणे वेगळे आणि मागच्या भागातली कुमक कमी होणे वेगळे. 'प्रश्न सुटला' असे कुणी सांगितले, तर यातले नेमके काय झाले, ते विचारा.