वाचक विचारतात : मासळीच्या टेम्पोचा गंजलेला ब्रेक पाइप

प्रश्न : माझा 2009 चा सहाचाकी टेम्पो आहे. मिरकरवाड्याहून मासळी भरून आठवड्यातून तीनदा आंबा घाटानं कोल्हापूरला जातो. परवा साखरप्याच्या अलीकडे ब्रेकचं पेडल एकदम तळाला गेलं. चढ होता म्हणून वाचलो. मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगजवळचा पाइप गंजून फुटला होता. तिथल्या मेस्त्रीनं तो दुमडून, ठोकून मागची लाइन बंद केली आणि गाडी पुढच्या ब्रेकवर घरी आणली. आता एक जण सांगतो, फुटला तेवढाच तुकडा कापून रबरी नळी नि क्लिप लावा. दुसरा म्हणतो, तांब्याचा पाइप टाका. काय करू? (रत्नागिरी)

उत्तर : तुमच्या पत्रातली ‘मागची लाइन बंद केली’ ही ओळ मी दोनदा वाचली. गाडी घरी आली, आता ती दारातच उभी राहू दे. पुढची आणि मागची लाइन वेगवेगळी असते, म्हणून अर्धे ब्रेक शिल्लक राहिले. पण ते रस्त्याकडेच्या अडचणीपुरते. घाट उतरताना सगळा भार पुढच्या दोन चाकांवर आला की लायनर तापतात आणि ती धग ब्रेक ऑइलपर्यंत जाते. डॉट 3 या प्रतीचं नवं ब्रेक ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. मात्र ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पाणी मुरलेलं ऑइल 140 च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल पुन्हा तळाला. या वेळी चढ असेलच असं नाही.

रबरी नळी नि क्लिप ब्रेकला कधीही नको. टायरात हवा असते पाच किलोच्या आसपास. जोराचा ब्रेक मारला की ब्रेक पाइपात दर चौरस सेंटिमीटरला 70 ते 100 किलो दाब येतो. त्यापुढे ती नळी टिकत नाही. वेल्डिंग, एम-सील, पितळी कड्या आवळून केलेला जोड, यातलंही काही ब्रेकच्या लाइनवर चालत नाही.

आणि फुटला तेवढाच तुकडा का बदलायचा? मी गॅरेजला नवा होतो तेव्हाची गोष्ट. अशाच एका मासळीच्या गाडीचा फुटलेला तुकडा कापून मी उस्तादांना दाखवला, ‘बाकीचा पाइप बरा आहे’ म्हणालो. त्यांनी चासीवरची एक क्लिप सोडवायला सांगितली. क्लिपच्या दोन्ही बाजूंना पाइपावर काळा रंग शाबूत होता. क्लिप निघाली तशी आतून खपली सुटली, पापडासारखी, पदरापदरानं. पाइप तिथे उलट जाड दिसत होता, कारण गंज फुगतो. उस्तादांनी नखानं खरवडलं तर आत लोखंड राहिलं होतं बॉलपेनच्या रिफिलएवढं. अशा पाच क्लिपा होत्या, पाचही ठिकाणी तेच. चिखल नि मिठाचं पाणी क्लिपखाली अडकतं, वाळत नाही आणि तिथेच पाइप खातं. तुमच्याही गाडीत फुटली ती फक्त पहिली जागा आहे. मागची लाइन मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल ढकलतो तो) चाकापर्यंत पूर्ण बदला. पुढची काढून बघा. चासी आणि हाउसिंगमधली रबरी ब्रेक नळीही याच वेळी नवी घाला.

तांब्याबद्दल. ते गंजत नाही, हातानं वळतं, म्हणून मोह होतो. पण चासीच्या थरथरीनं शुद्ध तांबं कडक होत जातं आणि एक दिवस तोंडापाशी तडकतं. मी ते घालत नाही. 90 टक्के तांबं आणि 10 टक्के निकेल या मिश्रधातूचा ब्रेक पाइप मिळाला तर डोळे मिटून घ्या. जहाजांत समुद्राचं पाणी खेळवायला हाच धातू वापरतात, मग तुमच्या बर्फाच्या पाण्याचं त्याला काय! नाही मिळाला तर गाडीच्याच मापाचा, कोटिंग असलेला पोलादी पाइप घाला, तोही चांगला.

जुना पाइप न वाकवता उतरवा, तो नमुना आहे. नट अडकलेले असणारच. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. साध्या पान्यानं कोपरे झिजतात, म्हणून नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा फ्लेअर नटचा पाना लावा; तरीही नट हलला नाही तर पाइप नटापाशी कापून गोटी (सॉकेट) चढवा. नवा पाइप कटरनं कापा, हॅक्सॉनं नको. तोंड फुलवण्याआधी नट आत सरकवा. फुलवणं दुहेरी (कड आत दुमडलेली) की बुडबुड्यासारखं, ते जुन्या तोंडावरून ठरवा. एकाच्या जागी दुसरं बसवलं तर कितीही आवळा, गळणारच. पाइप कंपनीच्या वाटेनंच न्या, सायलेन्सरपासून दूर.

एअर, म्हणजे पाइपात शिरलेली हवा, काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा, आणि पेडल सोडण्याआधी चाकावरचं हवा सोडायचं निपल बंद. शेवटी एकानं पेडल पूर्ण जोरानं मिनिटभर दाबून धरावं आणि दुसऱ्यानं टॉर्च घेऊन प्रत्येक जोड कोरड्या कागदानं पुसावा. कागद ओला झाला तर काम झालेलं नाही.

आता मूळ दुखणं. हौद्यातून बर्फाचं खारट, रक्ताचं पाणी सरळ चासीवर गळतं. हौद्याच्या भोकांना नळ्या लावून ते मागच्या चाकापलीकडे, चासीच्या खाली सोडा. प्रत्येक खेपेनंतर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवा; खाडीत उतरवून धुतात तसं नको. आणि गंज लागू नये म्हणून जळकं इंजिन ऑइल फवारायची पद्धत आहे, ते ब्रेकच्या रबरी नळ्यांवर पडू देऊ नका. रबर फुगतं, कुजतं.

प्रश्न : माझ्या पिकअपचा डिझेल पाइप टाकीपाशी गंजलाय. गळत नाही, पण सकाळी स्टार्ट व्हायला त्रास. तोही पूर्ण बदलायचा का? (मालवण)

उत्तर : इथे तुकडा चालतो. टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या पाइपात दाब नसतो, ओढ असते. म्हणून बारीक भोकातून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. रात्रभरात डिझेल मागे उतरतं, सकाळी एअर धरलेली असते. गंजका भाग कापून डिझेलसाठीचीच रबरी नळी नि चांगल्या क्लिपा लावा; पाण्याची नळी डिझेलनं मऊ पडते. पंपाकडून इंजेक्टरला जाणारे जाड पोलादी पाइप मात्र वेगळे. त्यांना जोड नाही, तिथे नवाच पाइप. आणि गाडी चालू असताना त्यांची गळती बोटानं चाचपू नका, ती धार कातडीच्या आत शिरते.