६३१० नंबरचं बेअरिंग शाफ्टवर (फिरणाऱ्या दांड्यावर) हातोडी मारून बसवतोय. आधी बेअरिंग गरम केलं तर त्याचं भोक लहान होतं का मोठं? मेटल सगळीकडून फुगतं, मग भोक आवळणार ना?

मोठंच होतं. तुम्ही म्हणताय की मेटल सगळीकडून फुगतं म्हणजे आतल्या बाजूलाही फुगून भोक आवळेल, हा घोळ बहुतेकांचा होतो, पण तसं नसतं. रिंग म्हणजे गोल वाकवलेली पट्टी समजा, पट्टीची लांबी वाढली की गोलाचा व्यास वाढणारच ना. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना बघितलीय का कधी? लाल करतात, चाकावर टाकतात आणि लगेच पाणी ओततात, मग ती अशी आवळते की सगळे आरे कचकन घट्ट बसतात.

आता तुमचं ६३१० बेअरिंग, म्हणजे भोक ५० मिमीचं. स्टील एका डिग्रीला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतं, म्हणजे ८० डिग्रीने तापवलं तर भोक ०.०४८ मिमीने मोठं, आणि फिट सहसा ०.०२-०.०३ मिमीचाच टाइट असतो, म्हणजे शाफ्ट भोकापेक्षा तेवढाच जाड असतो, त्यामुळे हाताने सरकतं, हातोडी कशाला मारताय. इंडक्शन हीटर (विजेवर बेअरिंग तापवायचं यंत्र) नसेल तर ऑइल बाथ, म्हणजे गरम तेलात बुडवणं, चालेल, पण १२० डिग्रीच्या वर नेऊ नका आणि डायरेक्ट गॅसची फ्लेम तर अजिबात नको, स्टीलचा हार्डनेस जातो. बेअरिंग सील्ड (ग्रीस भरून बाजूने बंद केलेलं) असेल तर ऑइलमध्ये पण टाकू नका, आतलं ग्रीस खराब होतं.

अजून एक, बसवल्यावर थंड होईपर्यंत शोल्डरला (शाफ्टची पायरी, जिथे बेअरिंग टेकतं) दाबून धरा, कारण ते रुंदीतही आकसतं आणि मागे फट राहते. मी हे एकदा विसरलो होतो, परत पुलर (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) लावून सगळं उचकटावं लागलं 😅